प्रवाळाच्या रोपवाटिकेतला दातांचा ब्रश

मित्रांनो, मी जुना आहे, आणि दात घासायचा ब्रश आहे. माझी दांडी एके काळी निळी होती. आता तिचा रंग कोणता म्हणायचा, ते तुम्हीच ठरवा. कारखान्यात डोक्यावर केस रोवले गेले तेव्हापासून मला एकच गोष्ट ठाऊक होती : पांढरे ते चांगले, मळके ते वाईट. या एका समजुतीवर मी निम्मे आयुष्य काढले.

मी आलो एका बोटवाल्या आजोबांच्या घरी. ते लोकांना बोटीतून प्रवाळांची बाग दाखवायला नेत. ते हसले की दात लख्ख दिसत, आणि मी कपात उभ्या उभ्या फुशारून जाई. पुढे एकेक दात पडला, कवळी आली आणि माझी बदली मोरीत झाली. आजी मला घेऊन नळाच्या खाचा घासू लागली. देवाने जिथे उभे केले तिथे घासावे, असे म्हणून मीही घासत राहिलो.

एके दिवशी नात आली. पाण्यात बुडी मारून प्रवाळांची निगा राखणे हे तिचे काम.

"आजी, तो जुना ब्रश मला दे ना."

"अगं, नवा घे की! दुकानात ढीग पडलाय."

"नवा टोचतो. केस झिजून मऊ झालेला हवा."

"ऐकलंत का?" आजी आत वळून म्हणाली, "झिजलेल्यांनाही मागणी आहे म्हणे!"

"मग मलाही ने म्हणावं," आतून आजोबा म्हणाले.

आणि मी समुद्राच्या तळाशी गेलो! त्या बागेत वर्षानुवर्षे बोटींचे नांगर पडून प्रवाळांच्या फांद्या मोडल्या होत्या. त्यात आजोबांचाही नांगर होता. नातीने मोडलेले तुकडे वेचून उथळ पाण्यात नळ्यांच्या चौकटीला बांधले होते. हीच तिची रोपवाटिका. किनाऱ्यावरच्या खाणावळींचे सांडपाणी समुद्रात येई, त्यावर शेवाळ माजे आणि तुकड्यांना गुदमरवून टाकी. ते हलक्या हाताने काढायचे, हे आम्हा दोघांचे काम. दगडासारखे दिसणारे प्रवाळ जिवंत प्राणी असतात, हे मला तिथे कळले.

त्या वर्षी समुद्र तापला. आठवड्यामागून आठवडे पाणी निवेना. एका सकाळी पाहतो तर काय, चौकटीवरचे सगळे तुकडे पांढरेशुभ्र! मला तर आनंदाचे भरते आले. वर बोटीत आजोबा काचेच्या तळाच्या पेटीतून वाकून बघत होते. नातीने डोके वर काढताच ते ओरडले, "शाब्बास गं! घासून घासून मोती केलेस की!"

नातीने तोंडातली श्वासाची नळी काढली. तिचे डोळे भरले होते.

"मोती कुठले, आजोबा! यांच्या अंगात बारीक तपकिरी जीव राहतात. तेच यांना भरवतात, रंगही त्यांचाच. पाणी तापलं की त्यांना बाहेर पडावं लागतं. हे अजून जिवंत आहेत, पण उपाशी आहेत. असंच राहिलं तर मरतील."

मित्रांनो, मला माझ्या आनंदाची लाज वाटली.

"मग काय करायचं?" आजोबांनी हळूच विचारले.

"समुद्राचा ताप मी कसा उतरवू?"

"तो नाही उतरवता येणार. पण तापलेल्या लेकराच्या उशाशी कुणी भांडी आपटत नाही. तेवढं तरी थांबवू."

आजीने आपल्या रोपांवरचे सावलीचे कापड सोडून नातीला दिले. ते चौकटीवर ताणले गेले. आजोबांनी बोटीतला नांगर कायमचा काढून ठेवला. वाळूत मोठे वजन पुरून त्याला एक तरंगते पिंप बांधले आणि सगळ्या बोटवाल्यांना बजावले, "दोर इथेच बांधायचा." मग ते खाणावळींच्या दारोदार गेले.

"तुमचं खरकटं पाणी माझ्या नातीच्या आजाऱ्यांच्या तोंडात जातंय हो!"

काही हसले. काहींनी मात्र पाण्याची वाट वळवली. शेवाळ थोडे कमी झाले, आणि आम्ही रोज उरलेले काढत राहिलो.

पाणी निवले तोवर निम्मे तुकडे गेले होते. उरलेल्यांतल्या एकाच्या बुडाशी एके सकाळी डाग दिसला. तपकिरी, मळकट. जन्मभर मी ज्या रंगाशी भांडलो, तो पाहून मी देवाला हात जोडले असते. हात नव्हते, म्हणून केस जोडले. मग दुसऱ्यावर दिसला, तिसऱ्यावर दिसला. नात म्हणाली, "यांनी ताप सोसला. आता पुढची रोपं यांचीच करायची." पुढचा उन्हाळा ती सोसतील का? ते मलाही ठाऊक नाही.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. समुद्र तापवणारा धूर कमी करा, असे मोठ्यांना सांगत राहा. आणि तुमच्या हातचे सांडपाणी, तुमच्या बोटीचा नांगर तेवढा आवरा. आणि हो, मी प्लास्टिकचा आहे. मला पाण्यात सोडू नका. नात वर येताना मी मनगटाच्या दोरीला आहे ना, हे आधी चाचपते.

आजोबा अजून रोज बोटीतून विचारतात, "आज रंग कसा आहे गं?"

"मळकाच आहे, आजोबा!"

मग ते कवळी चमकवत मनापासून हसतात.