बारावा फोटो

खोटं न बोलता फसवणं खारूला फोटोग्राफीच्या पहिल्याच वर्षी जमलं, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. तिचं खरं नाव कॉलेजच्या ओळखपत्रावर होतं. घरात सगळे खारूच म्हणत, कारण खारीसारखी ही मुलगी एका जागी टिकेल तर शपथ.

सत्राचा प्रकल्प सरांनी मोजक्या शब्दांत सांगितला होता. एक माणूस, एक रोल, बारा फोटो. कॅमेरा कॉलेजच्या कपाटातला, चौकोनी, वर-खाली दोन भिंगांचा. त्याला डोळा लावायचा नाही. तो पोटाशी धरायचा आणि वरून खाली वाकून बघायचं. आत काचेवर चित्र दिसतं, तेही डावं उजवीकडे. मुलांनी त्याचं नाव डबा ठेवलं होतं.

खारूने निवडली आत्या. आत्याचं रफूचं दुकान होतं. एकदा तिने एका कोटाचं भोक असं बुजवलं की खारूला शोधूनही सापडेना, तेव्हापासून त्या हातांनी तिला वेड लावलं होतं. आत्या तयार झाली, पण हातांपुरतीच. तोंडाचा फोटो नको. लहानपणी गरम इस्त्री लागून तिचा डावा गाल भाजला होता. घरातले अल्बम चाळले तर ती कुठेच नाही. फोटोच्या वेळी तिला नेमकी कुणाची तरी पिशवी सांभाळायची असे. चार माणसांत बोलताना तिचा डावा तळवा आपोआप गालावर जाई. फक्त खारूसमोर तो जात नसे.

तीन दुपारी खारू दुकानात ठाण मांडून बसली. खिडकीचा उजेड एकाच बाजूने येई, म्हणून समोर पांढरा पुठ्ठा टेकवून तिने तो बोटांवर परतवला. सुई, धागा, नखं, कापडाच्या वेढ्यात अडकलेला अंगठा असे अकरा फोटो झाले. बाराव्यासाठी तिने फिल्म पुढे सरकवली आणि डब्यात डोकावली. फोटो काढणारा माणूस आपल्याकडे बघतो, एवढंच आत्याला ठाऊक. मान खाली घालून बसलेली भाची म्हणजे तिच्या लेखी अजून तयारीच करणारी भाची. तिने सुई थांबवली आणि सरळ समोर बघितलं. काचेवर तिचा आख्खा चेहरा आला, गालासकट. खारूने श्वास रोखला आणि खटका दाबला. त्या कॅमेऱ्याचा खटका इतका हळू वाजतो की सुई पडली तर जास्त आवाज व्हावा.

थोड्या वेळाने आत्याने झालं का म्हणून विचारलं, आणि खारू झालं म्हणाली.

मंगळवारी डार्करूमच्या लाल दिव्याखाली तो कागद द्रावणात हलवताना आधी डोळे आले, मग गाल आला. सर मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. सरांना कौतुक करायचं म्हणजे दात उपटल्यासारखं व्हायचं, पण त्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं की हा फोटो मधोमध लावायचा. बाकीचे अकरा नीट आहेत, पण नुसते अकरा लावले तर शाळेच्या तक्त्यासारखे दिसतील. या एका फोटोवर पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती तिला मिळू शकते. खारूने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तिने कागद वाळत घातला.

संध्याकाळी आत्याने जाहीर केलं की गुरुवारी दुपारी दुकान बंद ठेवून ती प्रदर्शनाला येणार. माझ्या हातांनी काय दिवे लावलेत ते बघू तरी, म्हणाली. बाबा हसले.

खारूने नाही नाही ते विचार केले. वेळ चुकीची सांगावी. आत्या आली की तिला दाराशीच गाठून पहिल्या भिंतीपाशी गुंतवावी. बुधवारी तर तिने फोटो मोठा करायच्या एन्लार्जरखाली गालावर बोट धरून प्रकाश अडवून बघितला. कागदावरचा डाग फिका झाला, आणि कोण जाणे कसं, पण आत्याही त्या चेहऱ्यातून निघून गेली. तो कागद तिने चुरगाळून फेकला. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज.

गुरुवारी अकराला प्रदर्शन उघडायचं होतं. नऊ वाजता खारूने मधला फोटो भिंतीवरून काढला आणि दुकान गाठलं. आत्याने नुकतंच दार उघडलं होतं. खारूने फोटो तिच्यापुढे ठेवला, आणि मग एका दमात सगळं सांगितलं.

आत्याने चष्मा पुसून तो पुन्हा लावला. बराच वेळ ती बघत राहिली.

"तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते," ती म्हणाली. "लहानपणी चित्र काढताना जीभ बाहेर यायची तुझी, तशीच आली होती."

"मी फाडते हा, आत्या."

"फाडतेस कशाला? चांगला आलाय." तिने फोटो खारूकडे सरकवला. "पण ते बघणं तुझ्यासाठी होतं गं. लोकांसाठी नव्हतं."

मग तिने एक कोट मांडीवर ओढला. प्रदर्शनाला येणार का, हे विचारायची खारूची छाती झाली नाही.

अकरा वाजता भिंतीवर अकरा फोटो होते आणि मधे मोकळी जागा. सरांनी फोटो कुठे गेला म्हणून विचारलं. तो दाखवायची परवानगी नव्हती, मी चोरून काढला होता, एवढं तिने सांगितलं. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या विद्यार्थ्याकडे गेले. दार वाजलं की खारू मान वळवून बघे.

साडेबाराला आत्या आली. तिने एकेक फोटो जवळून बघितला, अंगठ्याचा सगळ्यात आवडला म्हणाली, पुठ्ठ्याने उजेड कसा वळवला तेही विचारलं. खारू सांगत होती आणि आत्या मान हलवत होती. ती मनापासून ऐकत होती, खारूवर रागावलेलीही नव्हती. फक्त तिचा डावा तळवा गालावर होता, आणि खारूशी बोलतानाही तिने तो खाली घेतला नाही.