उतरणीच्या खुणा

भाऊ कसा चालतो ते मागून बघत जायचं, हे काम क्लेलियाला मुळीच आवडलं नव्हतं. पण फिओरेन्झो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला तो उठेचना. फिओरेन्झो म्हणजे इटलीच्या फ्रेंच सरहद्दीवरल्या त्यांच्या गावातल्या गिर्यारोहण मंडळाचा अध्यक्ष. मंडळात प्रत्येक डोंगरवाट कुणाच्या तरी नावावर असते. बर्फ वितळलं की त्या माणसाने वाटेवर जायचं, पडलेले दगड बाजूला सारायचे आणि लाल-पांढऱ्या खुणा नव्याने रंगवायच्या. डोंगरावरच्या तीन जुन्या किल्ल्यांची वाट क्लेलियाच्या थोरल्या भावाकडे, एदमोन्दोकडे होती. इतकी वर्षं होती की लोक तिला एदमोन्दोची वाटच म्हणत.

"सत्तरी उलटली त्याची," फिओरेन्झो म्हणाला. "मी काही विचारलं की अंगावर येतो. तू एक दिवस जा त्याच्याबरोबर. झेपतंय का बघ आणि संध्याकाळी मला सांग. झेपत असेल तर वाट त्याची. नसेल तर तरुण पोरांना देऊन टाकतो."

"म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा."

"तुझ्यावर नुसता ओरडेल. माझ्यावर काठी उगारेल."

हे मात्र खरं होतं. क्लेलियाने कॉफीचा कप त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवला आणि हो म्हणाली. तिचा निकाल घरातून निघण्याआधीच लागलेला होता. वहिनी, रीना, जाऊन दोन हिवाळे झाले होते. त्यानंतर एदमोन्दोच्या आयुष्यात परसातले कोबी आणि ही वाट, एवढंच उरलं होतं. कोबीसाठी कुणी पहाटे उठत नाही. तो वाटेत चक्कर येऊन पडला नाही, म्हणजे झेपतंय, असं तिने ठरवून टाकलं.

चक्कर यायची वेळ आली ती तिच्यावरच. उजाडता उजाडता त्यांनी पुलाशी गाडी लावली आणि एदमोन्दो जो सुटला, तो खालच्या किल्ल्यापर्यंत थांबला नाही. फ्रेंचांना अडवायला बांधलेल्या त्या किल्ल्यात आता गाई सावलीला बसतात. क्लेलिया धापा टाकत पोचली तेव्हा एदमोन्दो एका गाईची मान खाजवत उभा होता.

"ही तुझ्या आधी आली," तो म्हणाला.

"तिला चार पाय आहेत."

"तुझ्या हातात दोन काठ्या आहेत. हिशोब सारखाच."

खालच्या किल्ल्यापासून मधल्यापर्यंत वाट अंगावर येते. घसरडी खडी, वरून ऊन, पाण्याचा थेंब नाही. तोफा वर ओढून नेणाऱ्या शिपायांना क्लेलियाने लहानपणापासून मनातल्या मनात हात जोडले होते, आज तिने ती तोफ पाठीवर घेतल्यासारखी चढण चढली. मधल्या किल्ल्याच्या अलीकडे या वसंतात दरड कोसळली होती आणि जुनी वाट घळीत गेली होती. एदमोन्दोने जूनमध्ये एकट्याने येऊन घळीच्या वरून नवी वाट काढली होती. दगडादगडावर ताज्या खुणा होत्या, पट्टे सरळ, कडा कशा सुरीने कापल्यासारख्या. मान वर केली की पुढची खूण दिसायचीच. क्लेलियाला भावाचा अभिमान वाटला आणि फिओरेन्झोचा राग आला.

मधल्या किल्ल्याच्या कमानीखाली बसून त्यांनी पाव, तोमा चीज आणि सलामी खाल्ली. एदमोन्दोने चीजचा मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला.

"फिओरेन्झोने पाठवलंय ना तुला?" त्याने अचानक विचारलं.

क्लेलियाला ठसका लागला.

"अगं, वीस वर्षांत तू माझ्याबरोबर मश्रूम वेचायला आली नाहीस. आणि आज एकदम किल्ले? मी म्हातारा झालोय, खुळा नाही."

"मग काय सांगू त्याला?"

"काय दिसतंय ते सांग."

दिसत होतं ते असं, की दुपारी तो वरच्या किल्ल्याच्या फुटक्या बुरुजांत उभा राहून शीळ घालत होता आणि ती त्याच्या बरीच खाली, दर दहा पावलांवर थांबत होती. वरचा किल्ला दुसऱ्या महायुद्धानंतर सरहद्दीबरोबर फ्रेंचांकडे गेला. रंगाचं काम मात्र गावाकडेच राहिलं, कारण फ्रेंचांनी ते कधी मागितलं नाही. क्लेलिया पोचली, ढासळलेल्या भिंतीला टेकली आणि म्हणाली, "जिंकलास. वाट तुझी. आता पाणी दे."

एदमोन्दो हसला, पण पाणी देताना त्याने पलीकडच्या उताराकडे बोट केलं. "आपण फ्रान्सच्या बाजूने उतरू या का? तोफांचा जुना रस्ता आहे, सपाट. खाली माझा फ्रेंच दोस्त मार्सेल जीप घेऊन येईल. कॉफी पाजेल."

"आणि आपली गाडी पुलावर राहील, ती कोण आणणार? तुझा मार्सेल?"

"आणेल की उद्या."

"काहीतरीच. चल मुकाट्याने."

तो चालू लागला. उतरताना मात्र गणित उलटं झालं. आता क्लेलिया पुढे आणि तो मागे. कधी बिळातून डोकावणारा मार्मोट बघायला थांबे, कधी बुटाची नाडी बांधायला. तिसऱ्यांदा तो नाडीसाठी थांबला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, तर तो दगडावर बसून दोन्ही हातांनी गुडघा धरून होता. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. थकला असेल. ती काय कमी थकली होती?

मधला किल्ला मागे पडला आणि खोऱ्यातून ढग वर आला. बघता बघता चार हातांपलीकडचं दिसेना. दरडीवरच्या नव्या वाटेशी येऊन क्लेलिया खूण शोधू लागली. खूण नव्हती. थोडी पुढे गेली, नुसते करडे दगड. सकाळी इथे पावलोपावली रंग होता, तो गेला कुठे? ती गोंधळून मागे वळली आणि आत्ताच ओलांडलेल्या दगडावर तिला लाल-पांढरा पट्टा दिसला. सुरेख, ठसठशीत. दगडाच्या फक्त खालच्या अंगाला.

तिने आणखी एक दगड तपासला. तिथेही तसंच.

रंगवणाऱ्याचा नियम तिलाही ठाऊक होता, कारण तो एदमोन्दोनेच मंडळाला घालून दिला होता. चढणाऱ्याची खूण चढताना रंगवायची, उतरणाऱ्याची उतरताना. वर जाताना दगडाची पाठ रंगवू नये, कारण उतरणाऱ्याची नजर कुठे पडेल ते उतरल्याशिवाय कळत नाही. त्याने नियम पाळला होता. फक्त तो या बाजूने उतरलाच नव्हता.

एदमोन्दो ढगातून काठीवर भार देत आला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो समजला.

"जूनमध्ये मार्सेलने नेलं तुला," ती म्हणाली.

"गुडघे ऐकत नाहीत, क्लेलिया. चढताना काही होत नाही. उतरताना आत कुणीतरी खिळे ठोकतं." मग घाईने म्हणाला, "दोन तासांचं काम आहे. तू नि मी येऊन करून टाकू. फिओरेन्झोला कळायची गरज नाही."

"नाही कळणार," ती लगेच म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

तेवढ्यात खालून हाक आली. बाईचा आवाज, घाबरलेला, आणि तो वाटेच्या बाजूने नव्हे, घळीकडून येत होता. जुनी वाट जिथे तुटली होती तिथून.

"हलू नका!" एदमोन्दो एवढ्या जोरात ओरडला की क्लेलियाच दचकली. "आहात तिथे बसा! खाली बसा!"

तो पुढे निघाला आणि दुसऱ्याच पावलाला त्याचा गुडघा मुडपला. क्लेलियाने त्याला धरून दगडावर बसवलं आणि स्वतः उतरली. तो वरून सांगत राहिला, डावीकडे मोठा कातळ लागेल, त्याला हात लावून जा, खडीवर पाय देऊ नको. ती जवळजवळ बसत बसत गेली. तोरिनो शहराहून आलेल्या दोन मुली तुटलेल्या कडेच्या अगदी अलीकडे एकमेकींना धरून बसल्या होत्या. एकीचा एक पाय कडेबाहेर होता. क्लेलियाने आधी तो पाय आत ओढायला लावला, मग दोघींना कातळाच्या आधाराने वर आणलं.

मुलींचं रडून झालं, मग एकीला राग आला. "चढताना दर दोन पावलांवर खूण! उतरताना एक नाही! आम्ही जुन्याच पायवाटेने खाली गेलो. ज्याने रंगवलंय तो माणूस कधी खाली आलाच नाही की काय?"

क्लेलियाने तोंड उघडलं, पण एदमोन्दो आधी बोलला.

"म्हातारा आहे एक," तो म्हणाला. "स्वतःला फार शहाणा समजतो. सांगतो मी त्याला."

मग तो एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून, पायरी पायरीने पुलापर्यंत उतरला. कुठे वळायचं ते तेवढं सांगत होता. पुलाशी मुलींनी त्याचे आभार मानले. त्याने मान फिरवली. क्लेलियाला त्या क्षणी त्याची इतकी दया आली की ती उगाचच गाडीची काच पुसत बसली.

त्याने फोन काढला.

"एदो, मी बोलते ना त्याच्याशी," ती म्हणाली. "जमेल असं सांगते. पुढच्या वर्षीपासून मी येत जाईन."

त्याने हाताने तिला गप्प केलं. "फिओरेन्झो? ऐक. माझी वाट दुसऱ्या कुणाला दे... नाही, तिने काही सांगितलं नाही. मी सांगतोय. घळीपाशी आज दोन पोरी मरता मरता वाचल्या, माझ्यामुळे. उद्या सकाळी सगळं सांगतो. आज रात्रीपासून वाट बंद ठेव, फळी लाव. आणि वर चढणारा पोरगा बघू नकोस. चढणारे ढिगाने मिळतात. उतरणारा बघ."

फोन खिशात टाकून तो गाडीत बसला. क्लेलियाने किल्ली फिरवली.

"दुसरा माणूस मिळेपर्यंत वाट बंद नाही ठेवता येणार," तो म्हणाला. "शनिवारी मोकळी आहेस का? त्या खुणा पुऱ्या करायला पाहिजेत."

"मला कुठे रंगवता येतं?"

"मी दाखवतो की. वरपर्यंत मी आहे बरोबर." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "खाली मात्र तुला एकटीला यावं लागेल."