डी वर्गातली निळी गाडी

मी एक गाडी बोलतेय. गाडी कसली, पडद्यावरचा निळा उजेड. मी एका शर्यतीच्या खेळात जन्मले. कुणी कंट्रोलर हातात घेतला की माझे डोळे उघडतात, खाली ठेवला की मिटतात. मधला काळ कुठे जातो, मला ठाऊक नाही.

मला निवडलं बाबांनी. जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात नावापुरता उरला होता. बोटं हलती राहावीत म्हणून लेकीनं हा खेळ घरी आणला.

आमच्यात प्रत्येकीच्या ताकदीच्या आकड्यावरून वर्ग ठरतात. ए सगळ्यात वेगवान, डी सगळ्यात मंद. बाबा एकेक गाडी बघत यादीत खाली आले आणि माझ्यापाशी थांबले.

"हीच का?" लेकीनं विचारलं.

"हिच्याशी माझं जमेल."

समुद्राकाठच्या रस्त्यानं आम्ही रोज जायचो. कठड्याला घासायचो, वाळूत रुतायचो. कधी बाबा शर्यत विसरून मला पुलावर उभी करत आणि पाणी बघत बसत. बाकीच्या गाड्या बाजूनं भुर्रकन निघून जात.

लेकीला ते बघवेना. एका दुपारी बाबांचा डोळा लागला असताना तिनं मला नवं इंजिन आणि वेग वाढवणारा टर्बो बसवला. माझा आकडा चढत गेला नि मी थेट ए वर्गात जाऊन बसले. खरं सांगते, मीही हुरळून गेले.

संध्याकाळी पहिल्याच वळणावर मी बाबांच्या हाताबाहेर गेले. पुन्हा गेले. पुन्हा.

"हाताला सांगेपर्यंत वळण मागे पडतं," ते हळूच म्हणाले. "राहू दे आता."

मग पुष्कळ दिवस अंधार होता.

डोळे उघडले तेव्हा समोर लेक एकटीच होती. डाव्या हाताची बोटं तिनं बाबांच्या बोटांसारखी जड व्हावीत म्हणून रुमालानं बांधली होती. तशाच हातानं तिनं मला चालवलं, आणि कठड्यावर आदळत राहिली. मग तिनं टर्बो काढला, जुनं इंजिन परत बसवलं. त्याऐवजी रस्ता धरणारे टायर आणि चांगले ब्रेक घातले. माझा आकडा डी वर्गातच राहील इतपत.

"बाबा, या ना जरा. वर्ग तुमचाच ठेवलाय."

"मग ही पळणार कशी?"

"पळू नका. नुसतं वळा."

वळण आलं. डावा अंगठा हलला, उशिरा, पण हलला. टायरांनी रस्ता सोडला नाही. आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो, कुठेही न घासता.

"शेवटचे आलो गं," बाबा म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले.

पुढे आम्ही जिंकलोही. एक दिवस बाबा सी वर्गातल्या लाल गाडीपाशी रेंगाळले. तिला निवडलं ते डाव्या अंगठ्यानं, लेकीला न विचारता.

आता मी गॅरेजच्या कडेला उभी असते. लाल गाडी बाहेर पडते तेव्हा तिचा उजेड क्षणभर माझ्या काचेवरून सरकतो. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण त्या अंगठ्याला माझा वेग कमी पडावा, यासारखं सुख मला दुसरं नव्हतं.

तुमच्या घरी कुणाचा हात अजून शिकत असेल, तर थोडं खाली या. मी आहे. सावकाश निघू.