लुगड्यातला बाप

कळंबच्या जत्रेतल्या नाटकात येसाजी वर्षानुवर्षं राणी व्हायचा. राजा शत्रूला शरण जातो, राणी त्याच्यादेखत मुकुट आपल्या डोक्यावर चढवते आणि शेवटी भर दरबारात एकटी विषाचा पेला पिते. "मी झुकणार नाही!" असं येसाजी गरजला, की बाया डोळ्यांना पदर लावायच्या आणि पुरुष टाळ्यांचा कडकडाट करायचे. घरी मात्र ह्याच येसाजीला बायकोचं, जनीचं, उलट बोलणं खपत नसे. अशी घरं तुमच्याआमच्या चांगल्या ओळखीची आहेत, वाचकहो!

लेकीचं, हिरूचं, लग्न जुळत आलं होतं. मुलगा बिजवर. त्याची पहिली बायको विहिरीत सापडली होती.

"पाय घसरला म्हनत्यात, पन माजं मन घेत नाय," जनी काकुळतीने म्हणाली. "त्या घरात पोर नका देऊ."

"बायकांनी बैठकीतलं बोलायचं नाय! गप ऱ्हा गं!" येसाजीने तिला झटकून टाकलं.

पाहुणे सुपारी फोडायला यायचे होते जत्रेनंतर, पण टपकले जत्रेच्याच दुपारी. तोवर येसाजी लुगडं नेसून, रंग लावून बसला होता. गावाचा रिवाज असा, की राणीने नारळ वाढवून लुगडं नेसलं, की नाटक संपेपर्यंत ते सोडायचं नाही आणि पुरुषांच्या बैठकीत बसायचंही नाही. थोरल्या भावाने, बुधाजीने, त्याला हसत आत पिटाळलं.

"राणीसाहेब, तुमी आत जा. सुपारीचं मी बगतो."

येसाजी जन्मात पहिल्यांदा जनीच्या शेजारी दाराआड उभा राहिला. ओटीवर मुलाचा बाप मिशीवर हात फिरवत सांगत होता, "पयली लई तोंड करायची. आमची विहीर आवारातच हाय, लांब जावं लागत नाय!"

तो हसला. बुधाजीही हसला. येसाजी दाराआडूनच ओरडला,

"दादा, थांबा!"

"राणीसाहेब, बायकांनी बैठकीत बोलायचं नाय!" बुधाजी म्हणाला, आणि ओटी पुन्हा खदखदली.

पोटची पोर, आणि तिच्यासाठी बापाच्या शब्दाला किंमत नाही! जनीने हे इतकी वर्षं कसं सोसलं असेल? येसाजीचे पाय जागच्या जागी खिळले.

हलली ती जनी. उंबरा ओलांडून ती थेट बैठकीत गेली आणि तबकातली सुपारी तिने मुठीत घेतली.

"माजी पोर तुमच्या विहिरीसाठी नाय!"

पाहुणे ताडकन उठले. बुधाजीने हात उगारला. "येसा, आवर हिला!"

येसाजी तसाच लुगड्यानिशी बाहेर आला आणि जनीच्या बाजूला उभा राहिला.

"दादा, हात खाली घ्या. ही सुपारी फुटनार नाय."

"भोगशील!" एवढंच बोलून मुलाचा बाप निघून गेला. बुधाजीही त्याच्या मागोमाग गेला आणि त्याने पुन्हा कधी भावाच्या घरात पाऊल टाकलं नाही. चुलीपाशी बसून हिरूने सगळं ऐकलं होतं.

"जने, येवढी वर्सं रानी झालो, पन अक्कल आज आली," येसाजी खाली मान घालून म्हणाला.

"अवो, तुमची रानी मरती, कारन भरल्या दरबारात तिच्या बाजूला एक मानूस उभं ऱ्हात नाय," जनी म्हणाली. "लोक रडत्यात, टाळ्या देत्यात, आन घरी येऊन आमाला गप बसवत्यात. ती विहिरीतली पोर बी कुनाला तरी सांगत असंलच की!"

ह्याला तुम्हा-आम्हापाशी उत्तर कुठे आहे? बंधूंनो, मानी बाईच्या मरणावर रडणं सोपं असतं. ती जिवंत आहे, बोलते आहे, तोवरच तिच्या शेजारी जाऊन उभे राहा!