पदरात पडेल तो भाव

साहेब, तुम्ही दगडाबाईला फसवलंत. कायद्यात बसवून फसवलंत, एवढंच.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं मागं ज्या वसतिगृहात राहतात, तिथल्या दोनशे गोधड्या तुम्ही तिच्याकडून शिवून घेतल्या. "मावशी, एकीचा भाव बोला," म्हणालात. ती म्हणाली, "चारशे." तिच्या सिरसाळ्यात भाव म्हणजे पदरात पडेल तेवढा पैसा. तुम्ही मात्र लिहिलंत, चारशे, जीएसटी धरून. आणि तिचा अंगठा घेतलात.

तिच्या बचत गटाला जीएसटीचा नंबर नाही. म्हणून बिल कापडवाल्या शिवशंकर शेठच्या नावानं निघालं. काल त्यानं पैसे दिले, गोधडीमागं तीनशे एक्क्याऐंशी.

"शेठ, एकोनीस कमी हायेत."

"ते सरकारचे, मावशी. चारशेच्या आतच होते."

"आत कापड हाय, दोरा हाय, बायांची मजुरी हाय. सरकार कवा आलतं शिवाया?"

शेठ हसला. "कर वर पाहिजे होता तर चारशे वीस सांगायचे."

"मग मला कावून न्हाई सांगितलं कोनी?"

"तुमी इचारलं का?"

दगडाबाईच्या ओसरीवर मुक्ताबाई, वनमाला, गटातल्या साऱ्या जणी वाट बघत होत्या. कापड, दोरा, मजुरी मिळून खर्च तीनशे ऐंशी. वरचे वीस दगडाबाईचे. साठी ओलांडलेली बाई त्या विसांच्या जोरावर यंदा पहिल्यांदा दिवाळीनंतर ऊसतोडीला न जाता घरी राहणार होती. आता गोधडीमागं तिला उरला एक रुपया.

"आपन समद्या थोडं थोडं सोडू," वनमाला म्हणाली.

"गप बस. बोललेली मजुरी हाय ती." दगडाबाईनं प्रत्येकीच्या हातावर पुरते पैसे ठेवले. मग मुकादमाला फोन लावला. "परमेश्वर, गाडीत जागा हाय का, बाबा? न्हाई, कोयता न्हाई धरवत आता. मोळ्या बांधीन."

"मावशी, तुमी तर लई ऐटीत न्हाई म्हनलत्या."

"म्हनलते," ती म्हणाली.

आज पहाटे ट्रक गेला. ती मागं, भांड्यांच्या पोत्याला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. कुणाला हात केला नाही.

जीएसटी धरून की सोडून, एवढंच तिला विचारायचं होतं, साहेब. का नाही विचारलंत?