सांगलीच्या पेढीवर माझी वाटणी

मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे. आज मी फडताळात धूळ खात पडले आहे. पण एकेकाळी माझ्यावरून दोन सख्खे भाऊ हमरीतुमरीवर आले होते बरं का!

१९९७ साली मी सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीवर आले. मालक दोघे, थोरले लालासाहेब आणि धाकटे नानासो. घराची वाटणी नुकतीच झाली होती. मधोमध भिंत उभी राहिली, पातेली-झारे मोजून घेतले. म्हाताऱ्या आईची, रंगूबाईंची, महिन्या-महिन्याची पाळी लागली. पेढी तेवढी एकत्र राहिली होती.

दुसऱ्या दिवशी हळदीचे सौदे निघणार होते आणि त्याआधी पेढीच्या हिशेबाचा नवा संगणक, म्हणजे सर्व्हर, सुरू व्हायलाच हवा होता. त्यासाठी साताऱ्याहून संगणक बसवणारा देवदत्त आला. "आधी डिस्कचे भाग पाडावे लागतील," एवढंच तो बोलला आणि दोघा भावांनी कान टवकारले.

"निम्मी माझी!" लालासाहेब म्हणाले.

"आन् निम्मी माझी. तसूभर कमी चालायची न्हाई," नानासो म्हणाले.

"अहो, सर्व्हरचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सिस्टीमलाही जागा लागते."

"ती तर पाहुणी. पडंल की कोपऱ्यात!"

देवदत्तने कपाळाला हात लावला आणि सांगितले तसे भाग पाडले. सिस्टीम चढू लागली, पण अर्ध्यावरच अडली. पडद्यावर सूचना आली, जागा अपुरी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझ्यातली दे की रं!"

"आवं, तुमी थोरलं, तुमी द्या!"

एवढ्यात रंगूबाई चहा घेऊन आल्या. "काय झालं रं?"

"आजी, जी सगळ्यांचं सांभाळणार, तिलाच हे जागा देत नाहीत," देवदत्त वैतागून म्हणाला.

रंगूबाई खळखळून हसल्या. "ह्यांची वाटणी अशीच असती, बाबा. मला इचार!"

दोघे भाऊ खाली बघू लागले. चहा तसाच निवला. मग लालासाहेब हळूच म्हणाले, "पुसा सगळं. आधी तिचा वाटा काढा. ऱ्हाईल ते आमी वाटून घेतो." नानासोंनीही मान हलवली.

संध्याकाळी सर्व्हर सुरू झाला. मी आनंदाने अशी घरघरले, की नानासो दचकून मागे सरले!

दिवाळीआधी घरातली भिंत फोडून तिथे रंगूबाईंची खोली झाली, दोन्ही घरांत दार असलेली. पाळी बंद झाली.

मित्रांनो, वाटण्या खुशाल करा, पण सांभाळणारीचा वाटा आधी काढा. आणि घरातल्या जुन्या वस्तूंवरून कधीतरी फडकं फिरवा. माझं फडताळ रंगूबाईंच्याच खोलीत आहे. आता नव्वदीतही सणासुदीला त्या मला पदराने पुसतात आणि म्हणतात, "तुझ्यापायी मला खोली मिळाली गं बाये."