कातरलेली कड

बाबांनी चाळीस वर्षं कपडे शिवले. पुढे ऐकू येईनासं झालं, गिऱ्हाईक 'सैल' म्हणे आणि हे घट्ट शिवत, तेव्हा मी त्यांना माझ्या पक्ष्यांच्या दवाखान्यात घेऊन आले. रिकामं बसणं त्यांना जमतच नाही. घरातल्या पडद्यांचे काठ त्यांनी तीनदा उसवून तीनदा शिवले होते.

त्या आठवड्यात उंदीर पकडायच्या चिकट पुठ्ठ्यावर अडकलेलं घुबड आलं. उंदरावर झेपावलं आणि स्वतःच चिकटून बसलं. तेल लावून एकेक पीस सोडवायला तीन दिवस गेले. बाबा त्याला धरून बसत. ते मान पार मागे वळवून बघे आणि बाबा म्हणत, अगदी तुझ्या आईसारखं बघतंय.

चौथ्या दिवशी मी फोनवर होते. बाबांना पंखाच्या पुढच्या पिसांची कड विसकटलेली दिसली, दोरे निघालेल्या कापडासारखी. त्यांनी दोन्ही पंखांची कड सरळ कातरली आणि नीटनेटकं केलं म्हणून मला सांगितलं. मी छान म्हटलं. मान वर करूनही पाहिलं नाही.

ती कड विसकटलेली नसते. कंगव्यासारख्या त्या दातांमुळेच घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाही. ससाणा वेगावर शिकार करतो, घुबड गुपचूप येतं. शाळेतली मुलं दवाखाना बघायला आली की हेच तर मी त्यांना सांगते.

त्याच संध्याकाळी घुबडाला सोडलं तेव्हा ते फडफडत गेलं. मला पंख स्पष्ट ऐकू आले. केवढी ताकद आलीय, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. बाबांना ऐकू येत नाही, मला तर येतं ना.

सोडल्यापासून अकराव्या दिवशी जवळच्या बागेच्या माळ्याने ते मेलेलं आणून दिलं. पायात आमचंच कडं होतं. छातीचं हाड बोटांना टोचलं. भुकेनं गेलं होतं. मी पंख उघडला. कड एकदम सरळ होती. मी तिथेच बसून रडले.

माळी काय घेऊन आला होता, असं बाबांनी विचारलं. कबूतर, मी ओरडून सांगितलं. मग त्यांच्या शिवणाच्या डब्यातली कात्री काढून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

दुपारी त्यांनी डबा उघडला. बराच वेळ आत बघत राहिले, मग माझ्याकडे.

"काय कापलं मी, पोरी?"